धिप्पाड पुरुषांसाठी सफारीचे कपडे : तयार घ्यावेत की शिवून?

छाती ४८ च्या वर, कंबर ४२ च्या वर किंवा उंची सहा फूट दोन इंचांच्या पुढे असेल, तर खरेदी अशी करावी: पँट तयार घ्यावी, शर्ट शिवून घ्यावेत आणि आतल्या चड्डीच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. बहुतेक जण नेमके उलटे करतात. महागडा ब्रँडेड शर्ट घेतात, पँट गल्लीतल्या शिंप्याकडून शिवतात आणि आत रोजचीच सुती चड्डी घालून निघतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मांड्या सोलवटलेल्या असतात आणि जिप्सीत चढताना आसन उसवलेले असते.

आधी कपडे कशासाठी, ते पाहू. शिकारीची सफारी आज दक्षिण आफ्रिका, नामिबिया, टांझानिया, झिंबाब्वे अशा देशांत परवान्याने चालते. केनियात ती १९७७ पासून बंद आहे आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे. मराठी माणूस मसाईमारा, सेरेंगेटी किंवा ताडोबाला जातो तो कॅमेरा घेऊन. तरी शिकाऱ्यांसाठी बेतलेले कपडे त्यालाही उपयोगी पडतात, कारण त्यांचा विचार काटे, धूळ, ऊन आणि तासन्‌तास बसणे यांच्याभोवती झालेला असतो. फरक दोन. शिकारीत पायी चालणे खूप असते, त्यामुळे कापडाचा आवाज होऊन चालत नाही. आणि बंदुकीचा दस्ता उजव्या खांद्याच्या खोबणीत टेकतो, म्हणून तिथे जाड शिवण, बटण किंवा भरलेला खिसा नको. डावखुऱ्याने हेच डाव्या खांद्याला लावून घ्यावे.

आडवा की उभा?

अमेरिकी दुकानांत ‘बिग’ आणि ‘टॉल’ ही मापे वेगवेगळी असतात, आणि ते बरोबरच आहे. १एक्स, २एक्स, ३एक्स ही मापे घेराने वाढतात. एलटी, एक्सएलटी ही मापे लांबीने वाढतात: शर्ट साधारण दोन इंच लांब, बाही दीड-दोन इंच लांब, घेर मात्र जवळपास नेहमीचाच. आपल्याकडच्या दुकानांत हा भेद नसतो. तिथे एक्सएल, डबल एक्सएल, ट्रिपल एक्सएल अशी एकच शिडी असते, आणि सहा फूट चार इंचांचा सडपातळ माणूस लांबीसाठी ट्रिपल एक्सएल उचलतो. मग तिरा, म्हणजे शर्टाचा खांदा, दंडावर उतरतो, मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, कमरेकडे सरकतो आणि हात वर केला की सगळा शर्ट बरोबर वर येतो. बाही तरीही मनगटाच्या वरच राहते.

मोठ्या पोटाच्या माणसाची अडचण वेगळी. पोटावर बसेल असा शर्ट घेतला की गळा आणि खांदे दोन मापे मोठे निघतात. उघड्या गाडीत त्या ढगळ गळ्यातून ऊन आणि धूळ सरळ मानेवर. आडवा आणि उभा, दोन्ही असलेल्या माणसाने तयार शर्टाचा नाद सोडलेलाच बरा.

मापे बसून घ्यावीत

माप देताना माणूस ताठ उभा राहतो आणि पोट आत घेतो. सफारीत मात्र सकाळचे चार तास आणि दुपारचे तितकेच तास तो बसलेला असतो. बसल्यावर मोठ्या माणसाची कंबर दोन ते तीन इंच वाढते, मांडी पसरते, शर्ट मागून वर सरकतो. म्हणून टेप लावायचा तो खुर्चीवर बसून, सैल श्वास घेत.

पोटाचे माप बेंबीच्या रेषेत वेगळे घ्यावे आणि पँट जिथे प्रत्यक्ष बांधता त्या रेषेत वेगळे. पोट सुटलेल्या माणसात या दोन आकड्यांत चार-पाच इंचांचा फरक सहज असतो. पहिला आकडा शर्टासाठी, दुसरा पँटसाठी. पँटच्या कमरेला बसल्या मापापेक्षा अर्धा इंच जादा पुरतो, त्याहून सैल घेतली तर उभे राहिल्यावर घसरते. मांडीचा घेर जांघेखाली एक इंचावर, बसूनच घ्यावा आणि त्यात तीन ते चार इंच सैलपणा धरावा. शर्टाला छातीवर सहा ते आठ इंच सैलपणा लागतो, पोटावर सहा. बाहीचे माप मानेच्या मागच्या हाडापासून, कोपर वाकवून मनगटापर्यंत, आणि त्यावर एक इंच. सरळ हातावर घेतलेली बाही दुर्बीण डोळ्याला लावली की मनगटावरून मागे जाते आणि उन्हाने भाजते ते तेवढेच.

सगळ्यात दुर्लक्षित माप आसनाचे. पुढच्या कमरपट्टीच्या मध्यापासून पायांमधून मागच्या कमरपट्टीपर्यंत टेप फिरवावा. तुमच्या जुन्या, सुखाने बसता येणाऱ्या पँटचे हे माप घेऊन ठेवले तर कोणत्याही दुकानात कामी येते. कंबर बरोबर असूनही पँट बसताना मागून खाली ओढली जात असेल, तर आसन आखूड आहे. एक माप मोठी पँट घेऊन हा दोष जात नाही.

पँट : चार पर्याय, चार स्वभाव

पँट तयार का घ्यावी? कारण चांगल्या मैदानी पँटमध्ये जांघेत चार शिवणी एका ठिपक्यावर न आणता मध्ये चौकोनी किंवा बदामी तुकडा, म्हणजे गसेट, बसवलेला असतो. चार शिवणी एकत्र आल्या की सगळा ताण त्याच ठिकाणी येतो. लँड क्रूझरच्या उंच पायरीवर पाय टाकला की उसवते ते तिथेच, आणि मांड्या घासतात त्याही तिथेच. साधा शिंपी गसेट टाकायला सहसा तयार होत नाही. टाकलाच तर कोपऱ्यांना बारटॅक, म्हणजे खिशांच्या टोकांना असतात ती घट्ट आडव्या टाक्यांची शिलाई, मारायचे यंत्र त्याच्याकडे नसते.

फाइव्ह इलेव्हनची टॅकलाइट प्रो ही मोठ्या कमरेच्या माणसासाठी आमची पहिली पसंती. ६५ टक्के पॉलिएस्टर, ३५ टक्के कापूस, रिपस्टॉप, म्हणजे फाटले तरी फाट पुढे वाढू न देणाऱ्या विणीचे कापड. वजन साधारण २१० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), म्हणजे काट्याला पुरून उरणारे आणि उन्हातही सोसवणारे. गसेट आहे, गुडघ्यावर दुहेरी कापड आहे, कमरपट्टी थोडी मागेपुढे होते. जेवणानंतर त्या सोयीचे मोल कळते. कापूस असल्यामुळे चालताना खसखस होत नाही. मोठ्या कमरेच्या मापांत पायांचे काठ न दुमडता येतात, त्यामुळे उंच माणसाला हवी तेवढी लांबी ठेवता येते. मात्र बुटासकट उभे राहूनच काठ मारून घ्यावा. उणी बाजू म्हणजे खिसे फार. सगळे भरले की पँट आपल्याच वजनाने खाली येते. शिवाय थाट थोडा पोलिसी. काळा आणि गडद निळा रंग टाळून खाकी घ्यावी, का ते पुढे येईलच.

कोलंबियाची सिल्व्हर रिज मालिका मुख्यतः नायलॉनची. हलकी, रात्री धुतली तर सकाळी वाळलेली, उन्हापासून संरक्षण चांगले. एप्रिल-मेच्या ताडोबात, पारा ४५ च्या आसपास असताना, गाडीत बसून फिरणाऱ्यासाठी ती टॅकलाइटपेक्षा सुखाची. पण काटेरी झुडपातून पायी जायचे असेल तर नायलॉनचा आवाज नडतो, आणि बाभळीच्या जातीच्या काट्याने धागा ओढला गेला की तो तसाच दिसत राहतो. या मालिकेत गुडघ्याशी चेनने पाय सुटे करायची पँटही मिळते. जाड मांडीच्या माणसाने ती घेऊ नये. चेन ताणत नाही, बसल्यावर मांडी पसरते आणि चेनची कडा तासन्‌तास तिथेच रुतत राहते. अमेरिकेत या मालिकेची ‘बिग’ आणि ‘टॉल’ मापे मिळतात, आपल्याकडच्या दुकानांत सहसा नाहीत. तिकडून कोणी येणार असेल तर आपले आसनाचे माप कळवून मागवावी. परदेशातून थेट मागवली आणि माप चुकले, तर कस्टम ड्युटी आणि परतीचा खर्च पँटच्या किमतीला भिडतो.

क्रॅगहॉपर्सची नोसीलाइफ ही उंच पण सडपातळ माणसासाठी. ब्रिटिश कंपनी असल्याने पायांची लांबी शॉर्ट, रेग्युलर आणि लाँग अशा तीन मापांत मिळते. कापडावर कीटकांना दूर ठेवणारी प्रक्रिया केलेली असते. डास आणि गोचिडींसाठी ती उपयोगी आहे. टांझानिया, झांबिया किंवा झांबेझीच्या खोऱ्यात त्सेत्से माशीचा मात्र तिच्यावर भरवसा ठेवून उपयोग नाही. त्सेत्से पातळ कापडातून चावते. तिच्यापुढे मध्यम जाडीचे, अंगापासून सुटे राहणारे कापडच चालते, आणि तिथे टॅकलाइटसारखी पँट सरस ठरते.

डेकॅथलॉनचा सोलोन्याक हा मुळात त्यांचा शिकारीच्या सामानाचा ब्रँड. जवळच्या दुकानात जाऊन घालून पाहता येते, हा त्याचा मोठा फायदा. घालून पाहायचे म्हणजे आरशासमोर उभे राहायचे नाही. एक पाय बाकावर ठेवायचा, उकिडवे बसायचे, मग खुर्चीवर पाच मिनिटे बसून राहायचे. बटण पोटात रुतले किंवा मागून कंबर उघडी पडली, तर ती पँट तुमची नाही.

पट्टा दीड इंची घ्यावा आणि पँटला लूप किमान सात तरी असावेत. मोठ्या कमरेला पाच लूपची पँट घेतली की मागे दोन लूपांच्या मधून कमरपट्टी बाहेर डोकावते. पोट पुढे असेल तर पट्टा कितीही आवळला तरी खालीच येणार. त्यावर गॅलिस, म्हणजे खांद्यावरून पँट धरून ठेवणारे पट्टे, हाच उपाय. पट्ट्याला अडकवायचे, रुंद पट्टीचे, मागे वाय आकाराचे गॅलिस घ्यावेत. चिमट्याचे नकोत, ते बसता-उठता सुटतात. बंदूक खांद्याला लावणाऱ्याने गॅलिसचे बकल छातीच्या खालीच राहील असे जुळवावे.

शर्ट : शिंप्याला काय सांगायचे

शर्टाला पँटइतकी कारागिरी लागत नाही. लागते ते माप, आणि माप हे शिंप्याचेच काम. कापड १३० ते १५० जीएसएमचे घ्यावे: सुती पॉपलिन, बारीक ट्विल किंवा पॉलिएस्टर-कॉटन. उजेडासमोर धरल्यावर हाताची बोटे स्पष्ट दिसली तर ते उन्हाला पातळ आहे. छाती ५४ असलेल्या उंच माणसाच्या पूर्ण बाहीच्या, दोन खिशांच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचे पावणेतीन मीटर कापड धरावे, ३६ पन्ह्याचे चार मीटरच्या घरात जाते. सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच शिवायला द्यावे. धुतल्यावर तीन ते पाच टक्के आटणारे कापड ३४ इंच लांब शर्टातून इंच-दीड इंच खाते. उंच माणसाला तेवढाच इंच हवा असतो.

‘सफारी’ म्हटले की जुना शिंपी १९८० च्या आसपासचा अर्ध्या बाहीचा टेरिकॉट सूट डोळ्यांसमोर आणतो, कॉलरला फ्यूजिंगचे कडक अस्तर टाकतो आणि कमरेत आवळून शिवतो. तेव्हा तुमचा एखादा जुना सुखाचा शर्ट नमुना म्हणून बरोबर न्यावा आणि पुढच्या गोष्टी स्पष्ट सांगाव्यात.

पाठीला योकखाली, म्हणजे खांद्यावरच्या आडव्या पट्टीखाली, दोन्ही बाजूंना खांद्याच्या फऱ्याजवळ एकेक खोल चुणी, किमान दीड इंचाची. मधोमध एकच पेटीसारखी चुणी घातली तर रुंद पाठीवर ती उघडून फुगा होतो आणि हात पुढे घेताना ताण कमी होत नाही. मुंढा उंच आणि बाही रुंद. हे बऱ्याच शिंप्यांना उलटे वाटते, मोठा माणूस म्हटला की ते मुंढा खाली उतरवतात. मुंढा खोल असला की हात उचलताना अख्खा शर्ट उचलला जातो. मुंढा काखेजवळ ठेवून बाहीचा दंडाचा घेर वाढवला तर हात मोकळा फिरतो आणि शर्ट जागचा हलत नाही. काखेत चौबगला, म्हणजे पँटच्या गसेटसारखा चौकोनी तुकडा, टाकायला तयार असेल तर उत्तमच.

पुढच्या काजपट्टीवर बटणे तीन-तीन इंचांवर. नेहमीच्या साडेतीन-चार इंचांच्या अंतरात बसल्यावर पोटावर फट पडते आणि बनियन दिसते. पोटाच्या सगळ्यात पुढच्या रेषेवर एक बटण येईलच, अशी मोजणी तिथूनच वर आणि खाली करावी. शर्टाची लांबी खोचून घालण्यासाठी ३३-३४ इंच, बाजूला तीन इंची काप. दोन्ही हात डोक्यावर ताणून पाहावे. शेपूट पँटमधून निघाले तर लांबी कमी आहे.

खिशांना झाकण आणि साधे बटण. वेल्क्रो नको, शांत पाणवठ्यावर त्याचा चर्र आवाज दूरवर जातो. चमकणारी धातूची टिचबटणेही नकोत. उजव्या छातीचा खिसा शिकारीच्या शर्टाला सपाट ठेवावा किंवा वगळावा. बाजूच्या शिवणीत पाऊण इंच माया, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल असे जादा कापड, ठेवायला सांगावी. वजन दोन्ही बाजूंना हलते, आणि असा शर्ट टाकून द्यायला जीव होत नाही.

तयार शर्टच हवा असेल तर पाठीला झडप असलेला, आत जाळी असलेला घ्यावा. मासेमारीच्या शर्टांना ही सोय असते आणि रुंद पाठीला ती खरोखर थंड ठेवते. फक्त त्यांचे रंग पाण्यावरचे, फिकट निळे नाहीतर पांढरे असतात. खाकी मिळाला तरच घ्यावा.

आतले कपडे

मांड्या एकमेकींना घासणाऱ्या माणसासाठी सगळ्या खरेदीत हाच भाग निर्णायक. सुती चड्डी घाम धरून ठेवते, ओली शिवण कातडी सोलते. आठ-नऊ इंच पायाची, सपाट शिवणीची, नायलॉन-इलास्टेन किंवा मेरिनो लोकरीची बॉक्सर ब्रीफ घ्यावी. पायाची पट्टी मांडीच्या जाड भागाच्या खाली संपली पाहिजे, मधे संपली तर गुंडाळी होऊन वर चढते. तीन पुरतात. सकाळी निघण्यापूर्वी जांघेत घर्षणरोधी मलम किंवा साधे पेट्रोलियम जेली लावावे, लाली आल्यावर नव्हे. जेली कापडाला डाग पाडते, तेव्हा नव्या पँटवर जपून.

रंग

खाकी, फिका ऑलिव्ह, मातकट. काळा आणि निळा आफ्रिकेत टाळायचा, कारण त्सेत्से माशी या रंगांकडे ओढली जाते. तिला पकडायच्या सापळ्यांचे कापडही म्हणूनच निळे-काळे असते. हरणवर्गीय प्राण्यांना तांबडा-नारिंगी नीट ओळखू येत नाही, निळा मात्र आपल्यापेक्षा ठळक दिसतो. म्हणून खाकी कपडे धुताना नीळ घालू नये आणि ‘अधिक शुभ्र’ करणारी पावडरही वापरू नये. तिच्यातले चमक आणणारे रसायन निळसर उजेड परत फेकते आणि महागड्या खाकीचा उपयोग तिथेच संपतो.

लष्करी ठिपक्यांचे छापील कापड घेऊच नये. झिंबाब्वे आणि झांबियात सामान्य नागरिकाने ते घालणे बेकायदा आहे, विमानतळावरच अडचण होते. आपल्या लष्कराचा २०२२ साली आलेला नवा नमुनाही नोंदणीकृत आहे.

थंडी, टोपी, सामान

दक्षिण आफ्रिकेत शिकारीचा हंगाम मुख्यतः मे ते सप्टेंबर, म्हणजे तिथला हिवाळा. पहाटे पारा शून्याजवळ, दुपारी वीसच्या पुढे. ताडोबात डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा असाच लागतो. एका जाड जाकिटापेक्षा फ्लीस आणि त्यावर वारा अडवणारे पातळ जाकीट बरे. मोठ्या पोटाच्या माणसाने जाकिटाची चेन दोन्ही बाजूंनी उघडणारी पाहून घ्यावी. बसल्यावर खालची चार बोटे उघडली की पोटावर ओढ येत नाही आणि छाती झाकलेलीच राहते. जाकीट शर्टावर घालून मग माप पाहावे, नुसत्या अंगावर नव्हे.

टोपीचे माप कानाच्या वर एक सेंटिमीटर, कपाळावरून फिरवून घ्यावे. ‘फ्री साइज’ टोप्या बहुधा ५८ ते ६० सेंटिमीटरवर थांबतात. धिप्पाड माणसाचे डोके ६२-६३ निघाले तर त्या वाऱ्याच्या पहिल्या झोताला उडतात. हनुवटीखालची दोरी हवीच.

टांझानिया-केनियातल्या छोट्या विमानांना बहुतेक ठिकाणी हातातल्या पिशवीसकट १५ किलोची मर्यादा असते, आणि पिशवी मऊ लागते. मोठ्या मापाचा एक जोड सहज सव्वा किलो भरतो, बुटांचे वेगळे. दोन पँट, तीन शर्ट, तीन चड्ड्या एवढ्यावर भागवावे. तंबूच्या मुक्कामात कपडे रोज धुऊन मिळतात, पण आतले कपडे कित्येक ठिकाणी आपले आपणच धुवायचे असतात. बाहेर दोरीवर वाळलेल्या कपड्यांना, चड्डीलाही, शिवणीपर्यंत कडक इस्त्री करून घ्यावी. तिथली एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि तिची अळी कातडीत शिरते. इस्त्रीच्या उष्णतेने अंडी मरतात. इस्त्रीची सोय नसेल तर कपडे आत, जाळीच्या मागे वाळवावेत.